चाकावरची कमान: रुंद टायर, कापलेला पत्रा आणि एका तहाचा इतिहास

१/ #थ्रेड
१९७० च्या दशकातील जपानी मोटारींची छायाचित्रे आपण पाहिली असतील. चाकांवर मूळ पत्र्याहून निराळ्या, बहुधा काळ्या, कमानदार पट्ट्या बसवलेल्या असतात आणि त्यांवरील स्क्रूंची डोकी उघडी दिसतात. अनोळखी डोळ्याला ती घाईने केलेली डागडुजी वाटते. प्रत्यक्षात ती पट्टी म्हणजे टायर, शर्यतीचे नियम आणि रस्त्याचा कायदा या तीन पक्षांत झालेल्या तहाची खूण आहे. त्या तहाचा हा इतिहास.

२/ आरंभ शब्दापासून करू. फेंडर म्हणजे आपण ज्याला मडगार्ड म्हणतो तो भाग. सुरुवातीच्या मोटारींत तो सुटा असे. चाकावर वाकवलेला पत्रा आणि तो धरणारे दोन आधार, एवढेच त्याचे रूप. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात तो मोटारीच्या अंगात विरघळून गेला. गाडीच्या बाजू सपाट झाल्या आणि चाके पोटात गेली. या बदलाने एक नवी अडचण जन्माला घातली: रुंद चाक बसवायचे तर आता सुटा भाग बदलून भागेना, गाडीच्या अंगालाच हात घालावा लागे.

३/ पण रुंद टायर हवाच कशाला? घर्षण स्पर्शक्षेत्रावर अवलंबून नसते, असे आपण शाळेत शिकतो. रबर मात्र हा नियम तंतोतंत पाळत नाही. त्याच्यावरील दाब जसा कमी होतो, तशी भाराच्या मानाने त्याची पकड वाढते. शिवाय रुंद टायरमध्ये उष्णता अधिक रबरात वाटली जाते, म्हणून अधिक मऊ आणि चिकट रबर वापरता येते. १९६० च्या दशकात शर्यतीचे टायर झपाट्याने रुंदावले, त्यामागे हे कारण होते.

४/ उघड्या चाकांच्या फॉर्म्युला गाड्यांना या रुंदीची अडचण नव्हती. रस्त्यावरच्या मोटारीपासून घडवलेल्या शर्यतीच्या गाडीला मात्र नियम होता की चाक तिच्या अंगाखाली झाकलेले असावे. फिरणारे चाक खडे, चिखल आणि पाणी मागे फेकते; बाहेर आलेले चाक दुसऱ्या चाकाला भिडले तर गाडी उधळते. म्हणजे टायर रुंद होणार आणि त्यामागोमाग पत्र्यालाही बाहेर यावेच लागणार.

५/ येथे दुसरा नियम प्रवेश करतो, त्याचे नाव होमोलोगेशन. अनेक वर्गांत अट अशी होती की शर्यतीत उतरणारे रूप ठरावीक संख्येने तयार होऊन ग्राहकांना विकले गेले पाहिजे. हेतू हा की कारखान्यांनी केवळ शर्यतीसाठी एखाददुसरी गाडी घडवू नये. परिणाम गमतीदार झाला. शर्यतीची गरज दुकानाच्या काचेमागे येऊन उभी राहिली आणि सामान्य ग्राहक शर्यतीसाठी फुगवलेले फेंडर विकत घेऊ लागला.

६/ आता जपानकडे वळू. १९६९ च्या फेब्रुवारीत निस्सानने स्कायलाइन २००० जीटी-आर ही चार दारांची गाडी आणली. तिच्या चौकोनी बांध्यामुळे पुढे तिला ‘हाकोसुका’ हे लाडके नाव पडले. ‘हाको’ म्हणजे पेटी आणि ‘सुका’ हे स्कायलाइनचे जपानी लघुरूप. या पिढीच्या स्कायलाइनच्या मागच्या बाजूवर लाटेसारखी एक रेघ उमटवलेली होती. तिला ‘सर्फ लाइन’ म्हणत. ती रेघ हीच त्या गाडीची ओळख होती.

७/ जीटी-आरमध्ये ती रेघ मागच्या चाकावर तुटते. रुंद टायरला जागा हवी म्हणून चाकावरची कमान वर कापली गेली आणि आरेखनकाराची लाट तिथेच थांबली. आजही जाणकार साधी स्कायलाइन आणि जीटी-आर यांतला भेद याच जागी पाहून ओळखतात. गाडीचे वैभव सांगणारी पहिली खूण म्हणजे एक कापलेली रेघ होती.

८/ १९७० च्या ऑक्टोबरात हिचे दोन दारांचे हार्डटॉप रूप आले. त्यात कापलेल्या मागच्या कमानीवर काळी ओव्हरफेंडर पट्टी बसली. गाडीची रुंदी १,६६५ मिलीमीटर झाली. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. जपानी वर्गवारीत लहान मोटारीची कमाल रुंदी १.७ मीटर आणि इंजिनाची मर्यादा २,००० सीसी होती. ती ओलांडली की गाडी वरच्या वर्गात जाई, आणि १९८९ पर्यंत त्या वर्गाचा कर फार जड होता. फेंडर फुगले खरे, पण कराची वेस न ओलांडता.

९/ या गाड्यांनी जपानी शर्यतींत १९७२ च्या मार्चपर्यंत ५० विजयांचा टप्पा गाठला. त्याआधीच, १९७१ च्या नोव्हेंबरात, निस्सानने फेअरलेडी २४० झेडजी बाजारात आणली होती. लांब टोकदार नाक आणि चारही चाकांवर जोडलेल्या पट्ट्या हे तिचे वैशिष्ट्य. साधी २४० झेड १,६३० मिलीमीटर रुंद होती, ही १,६९०. वाढ अवघी ६० मिलीमीटरची. पट्ट्या जिथे जोडल्या त्या जागा लपवण्याची तसदी कुणी घेतली नाही.

१०/ याच सुमारास जर्मनीत पोर्शे त्याच प्रश्नाशी झुंजत होती. १९७२ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या प्रदर्शनात ९११ कॅरेरा आरएस २.७ झळकली. पुढे ६ इंची आणि मागे ७ इंची रिम. पुढच्या आणि मागच्या चाकांची मापे वेगळी ठेवण्याची पोर्शेच्या रस्त्यावरच्या गाडीतील ही पहिली वेळ. त्यासाठी मागच्या कमानींपाशी गाडीचे अंग ४२ मिलीमीटरने रुंद केले गेले. नियमाला ५०० गाड्या पुरत होत्या. ग्राहकांनी इतकी मागणी केली की एकूण १,५८० तयार झाल्या.

११/ दोन्ही देशांचे उत्तर एक, पण हात वेगळा. पोर्शेने पत्र्यालाच फुगवटा दिला. सांधा दिसत नाही आणि गाडी जन्मतःच तशी असावी असे वाटते. निस्सानने मूळ पत्रा कापून वर सुटी पट्टी जोडली. थोड्या गाड्यांसाठी नवे साचे पाडण्यापेक्षा हे स्वस्त, आणि शर्यतीत धक्का बसला तर पट्टी उतरवून दुसरी लावणे सोपे. उघडा स्क्रू हा काटकसरीचा आणि सोयीचा भाग होता. सौंदर्याचा विचार त्यात अजून शिरला नव्हता.

१२/ १९७६ मध्ये ‘ग्रुप ५’ या वर्गाचे नवे नियम लागू झाले. त्यांना ‘सिल्हूट’ नियम म्हणत, कारण गाडीची बाह्य छाया तेवढी मूळ मोटारीसारखी राहावी अशी अपेक्षा होती. छप्पर, दारे, बॉनेट मूळचे. फेंडरांना मात्र मोकळीक. टायर झाकता यावेत म्हणून दिलेली ती सवलत होती. पोर्शेचे अभियंते नॉर्बर्ट झिंगर यांनी नियम शब्दशः वाचला. फेंडर मोठे करा असे त्यात कुठे म्हटले होते? ते खालीही आणता येणार होते.

१३/ ९११ चे गोल दिवे पुढच्या फेंडरांत उंचावर बसतात. झिंगर यांनी ते फेंडरच सपाट केले आणि दिवे खाली बंपरमध्ये नेले. त्यातून ९३५ चे प्रसिद्ध चपटे नाक जन्मले. मागे १९ इंच व्यासाची प्रचंड चाके झाकणारे रुंद फेंडर आले. १९७९ मध्ये क्रेमर बंधूंच्या संघाची ९३५ के३ ही गाडी ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत सर्व गाड्यांत पहिली आली. एका शब्दाच्या अर्थाने केवढी मजल मारली, हे यावरून दिसते.

१४/ जपानमध्ये मात्र वारे फिरले होते. १९७३ च्या जानेवारीत पुढच्या पिढीची जीटी-आर विक्रीस आली. तिच्या चारही चाकांवर ओव्हरफेंडर होते. प्रदूषणाचे कडक नियम दाराशी उभे होते. अवघ्या १९७ गाड्या बनल्या आणि उत्पादन थांबले. कारखान्याने ती शर्यतीत कधीच उतरवली नाही. शर्यतीसाठी जन्मलेली पट्टी अशा गाडीवर बसली जिच्या वाट्याला शर्यतच आली नाही. गरजेचे अलंकारात रूपांतर होण्याचा क्षण शोधायचा, तर तो येथे सापडतो.

१५/ १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कारखान्यांनी ओव्हरफेंडर लावून गाड्या विकणे जवळपास थांबवले. तेलाचे संकट, प्रदूषणाची चिंता आणि बेदरकार तरुण चालकांविषयी वाढती नाराजी, असा तो काळ होता. जे दुकानातून गेले ते गल्लीतल्या गॅरेजात अवतरले. फुजीच्या ‘ग्रँड चॅम्पियन’ शर्यती पाहायला येणारे तरुण आपल्या गाड्या शर्यतीच्या गाड्यांसारख्या सजवू लागले. खाली बसवलेली गाडी, रुंद रिम आणि तिच्यावर ठोकलेली पट्टी.

१६/ येथे कायद्याशी गाठ पडली. १९७८ च्या डिसेंबरात जपानने रस्त्यावर टोळीने धोकादायकपणे वाहने चालवणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. चाकांविषयीचा तेथील नियमही नेमका आहे: चाकाच्या मध्यातून उभी रेघ कल्पावी, तिच्या पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश एवढ्या भागात चाक अंगाबाहेर येता कामा नये. म्हणजे रुंद चाक लावणाऱ्याला फेंडर कायद्यासाठीही हवा, आणि फेंडरमुळे गाडीची रुंदी वाढली की तपासणी व नोंदणीचा प्रश्न पुन्हा उभा.

१७/ हे काम होते कसे? थोडी जागा हवी असेल तर कमानीच्या आतली दुमड पत्रा तापवून वर वळवतात. रंग गार असताना हे केले तर तो तडकतो. त्याहून जास्त हवे तर पत्रा बाहेर ओढतात. आणखी हवे तर कापतात. मागच्या बाजूला पत्र्याचे दोन थर असतात. कापल्यावर ते पुन्हा जोडून सांधा बंद करावाच लागतो. ते न केल्यास पाणी आत शिरते, गंज धरतो आणि बांध्याची ताकद घटते. चाक जितके बाहेर जाते तितका बेअरिंगवरचा ताणही वाढतो. वरची पट्टी हे या कामाचे शेवटचे आणि सर्वांत सोपे पाऊल.

१८/ १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘सुपर सिल्हूट’ शर्यतींत निस्सानच्या स्कायलाइन, सिल्व्हिया आणि ब्लूबर्ड पेटीएवढे रुंद फेंडर घेऊन धावल्या. त्यांतील स्कायलाइनवर टोमिका या खेळण्यातल्या मोटारींच्या नाममुद्रेचे नाव होते. रस्त्यावरच्या हौशी मंडळींना त्यांतून नवा नमुना मिळाला. पुढे याच परंपरेतून आलेल्या जपानी कारागिरांनी ती जगभर नेली. अकिरा नाकाई यांचे ‘रॉव्ह वेल्ट बेग्रिफ’ पोर्शेवर काम करते. वातारू कातो यांचे ‘लिबर्टी वॉक’ इटालियन सुपरकारांनाही हात लावते.

१९/ नाकाई ९११ चे मूळ फेंडर स्वतःच्या हाताने कापतात. येथे इतिहासप्रेमींत दोन तट पडतात. एक म्हणतो, जुन्या गाडीचे अंग हा पुरावा आहे. कापलेला पत्रा परत येत नाही. दुसरा म्हणतो, कॅरेरा आरएस आणि हाकोसुका यांचा सन्मान आपण करतो तो त्यांच्या कारखान्यांनी मूळ आकार मोडला म्हणूनच. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. भेद संख्येचा आहे. हजारोंनी बनलेल्या गाडीत फेरफार करणे वेगळे; १९७ पैकी एकीवर करवत चालवणे वेगळे.

२०/ गरज सरली तरी रूप उरते, हे आपल्याला अपरिचित नाही. भाजे-कार्ल्याच्या चैत्यगृहांत लाकडी बांधकामाची रूपे दगडात कोरली गेली. खडकाला तुळयांची गरज नव्हती. आज फायबरच्या पट्टीवर केवळ शोभेसाठी खोटे स्क्रू बसवले जातात, तेव्हा तीच प्रवृत्ती काम करत असते. पूर्वी जे काटकसरीने केले, ते आता आदराने केले जाते.

२१/ हे वाचून कुणाचा हात करवतीकडे जात असेल, तर आपल्याकडील कायदाही ध्यानात असावा. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ सांगते की नोंदणीपुस्तकातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. बंद शर्यतमार्ग आणि सार्वजनिक रस्ता यांतली रेषा आपल्याकडेही ठळक आहे.

२२/ तेव्हा जुन्या गाडीचा फेंडर दस्तऐवजासारखा वाचावा. त्याची रुंदी टायरचे माप सांगते. कापलेली रेघ सांगते की आरेखनकाराचा शब्द कुठे मोडला. १,६६५ आणि १,६९० हे आकडे १.७ मीटरच्या वेशीजवळ का घुटमळतात, हे करव्यवस्था पाहिली की उमजते. उघडा स्क्रू एका कार्यशाळेची घाई सांगतो आणि खोटा स्क्रू त्या घाईविषयीची पुढच्या पिढीची भक्ती. मोटारींचा इतिहास इंजिनांच्या आकड्यांत शोधण्याची आपल्याला सवय असते; त्यातला बराचसा चाकावरच्या या कमानीत लिहिलेला आहे.

(थ्रेड समाप्त)