जादा रकान्याची कुळकथा

ॲपच्या वापरकर्त्यांची नोंदणी सांभाळणाऱ्या, ॲमेझॉनच्या कॉग्निटो या सेवेत नाव, आडनाव, ईमेल, फोन, जन्मतारीख, पत्ता असे रकाने तयार मिळतात. तालुका, बचत गट किंवा जमिनीचा गट क्रमांक त्यांत नसतो. तो हवा असेल तर आपला रकाना आपणच काढावा लागतो, आणि अशा प्रत्येक रकान्याच्या नावाआधी ‘कस्टम:’ हा उपसर्ग लागतो. नोंदणीच्या वेळी चालणाऱ्या लॅम्डा फंक्शनलाही (ॲमेझॉनच्याच लॅम्डा सेवेवर चालणाऱ्या कोडलाही) तो रकाना याच पूर्ण नावाने वाचावा लागतो. नवख्याला हा नुसता जाच वाटतो, पण उपसर्गामागे जुना अनुभव आहे.

तयार रकाने वापरकर्त्याची ओळख पटवण्याच्या ओपनआयडी कनेक्ट या 2014 च्या मानकातून आले. त्यात पत्त्याचे तुकडे रस्ता, वस्ती, प्रांत, पिनकोड आणि देश असे पाडलेले आहेत. तालुक्याला जागा नाही. नांदेड जिल्ह्यात नायगाव नावाचा तालुका आहे. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव सातारा जिल्ह्यात आहे, लोकलचे नायगाव वसई तालुक्यात आणि आणखी एक नायगाव मुंबईत दादरजवळ. नुसत्या ‘नायगाव’ या नोंदीवरून माणूस कुठला ते कळत नाही. म्हणून तर नांदेडच्या नायगावापुढे कंसात ‘खैरगाव’ लिहितात. मराठवाड्यातली खुर्द आणि बुद्रुक ही जोडनावेही याच कामाची आहेत: ‘लहान’ आणि ‘थोरले’ या अर्थाचे फारसी शब्द सारख्या नावाच्या गावांना चिकटले आणि घोळ टळला. संगणकवाले ज्याला नेमस्पेस म्हणतात, ते काम गावे पूर्वीपासून करत आली आहेत.

ठरलेल्या चौकटीत न मावणाऱ्या माहितीसाठी मोकळी जागा ठेवणे हेही तलाठ्याच्या दप्तराला नवे नाही. सातबाऱ्यावर ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ हा भाग असतो. बँकेचा बोजा तिथेच चढतो, विहिरीचा हिस्साही तिथेच. बाराच्या नमुन्यात शेवटी ‘शेरा’ असतो. अशा जागेत काहीही लिहिता येते, ही तिची सोय; आणि काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय कळत नाही, ही अडचण.

संगणकातला असा सर्वांत गमतीदार रकाना युनिक्सच्या पासवर्ड फाइलमध्ये सापडतो. बेल लॅब्जमध्ये छपाईसारखी कामे युनिक्सकडून जनरल इलेक्ट्रिकच्या जीकॉस प्रणालीवरच्या यंत्रांकडे जात. तिथली ओळख सांगायला प्रत्येक वापरकर्त्याच्या ओळीत एक रकाना राखला गेला. पुढे ती यंत्रे गेली, रकाना राहिला. मग त्यात पूर्ण नाव, खोली क्रमांक, कचेरीचा आणि घरचा फोन, सगळे स्वल्पविरामाने तोडून भरले जाऊ लागले. आजच्या लिनक्समध्येही त्याचे नाव जीकॉसच आहे, जरी त्या प्रणालीशी वापरणाऱ्याचा काही संबंध उरलेला नाही.

पुढच्या पिढ्यांनी वेगवेगळे उपाय काढले. ईमेलच्या 1982 च्या मानकाने स्वतःच्या शीर्षकांसाठी ‘एक्स-’ हा उपसर्ग राखून ठेवला. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजने पंधरा कोरे रकाने दिले, नुसते क्रमांक घातलेले. सातव्यात काय भरायचे ते ज्याने ठरवले तो नोकरी सोडून गेला की अर्थही गेला. वापरकर्त्यांची माहिती ठेवणाऱ्या एलडॅप निर्देशिकेत नव्या गुणधर्माला रीतसर क्रमांक घेऊन नाव द्यायची सोय होती. पद्धत चोख, पण एका तालुक्यासाठी एवढा खटाटोप कोण करणार? ‘एक्स-’ चे दुखणे वेगळेच निघाले. खासगी म्हणून सुरू झालेली नावे सर्वमान्य झाली, तरी उपसर्ग सुटेना, आणि दोन्ही नावे सांभाळायची वेळ आली. शेवटी 2012 मध्ये नव्या नावांसाठी ही प्रथा सोडा, असे इंटरनेटच्या मानकांत सांगण्यात आले.

वापरकर्त्यांच्या नोंदी ठेवणारे कॉग्निटोचे यूजर पूल 2016 मध्ये आले तेव्हा हा सगळा अनुभव समोर होता. तरी ॲमेझॉनने उपसर्गच निवडला, आणि कॉग्निटोच्या बाबतीत ते योग्यच होते: उद्या मानकात ‘तालुका’ हा रकाना आला तरी आपल्या ‘कस्टम:तालुका’शी त्याची गाठ पडणार नाही. लॅम्डा त्याआधी, 2014 च्या नोव्हेंबरात आले होते. सर्व्हर न राखता कोड चालवण्याची ही सोय नोंदणीला जोडली गेली आणि अर्ज मंजूर होण्याआधी त्यात डोकावता येऊ लागले.

नोंदणीपूर्व फंक्शन चालते तेव्हा त्याला ‘इव्हेंट’ नावाची वस्तू मिळते. तिच्या ‘रिक्वेस्ट’ भागात ‘यूजर ॲट्रिब्यूट्स’ असतात आणि त्यांत तयार व जादा रकाने एकत्रच येतात. जावास्क्रिप्टमध्ये इथेच ठेच लागते. ईमेल टिंब देऊन वाचता येतो. ‘कस्टम:तालुका’ मात्र तसा वाचता येत नाही, कारण नावातला विसर्गासारखा दिसणारा अपूर्णविराम भाषेला चालत नाही. पूर्ण नाव अवतरणात घालून चौकोनी कंसात द्यावे लागते. पायथनमध्ये शब्दकोशातले मूल्य एरवीही चौकोनी कंसातच मागतात, त्यामुळे तिथे अडत नाही.

वाचलेले मूल्य अक्षररूपात येते. रकाना संख्येचा असला तरी 5 हा आकडा ‘5’ या मजकुरासारखा मिळतो, म्हणून हिशेबाआधी तो बदलून घ्यावा. जादा रकाना सक्तीचा करता येत नाही; कुणी तो न भरता अर्ज पाठवला तर ते नावच यादीत नसते. रिकामेपण तपासणे आणि तालुका नसेल तर नोंदणी नाकारणे हे फंक्शनचे काम. तेही पाच सेकंदांत, कारण कॉग्निटो त्यापलीकडे उत्तराची वाट पाहत नाही. आणखी एक अट ॲपकडून येते: त्याला तो रकाना लिहिण्याची परवानगी दिलेली नसेल, तर नोंदणीच फेटाळली जाते.

परवानगीची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. ॲपला जो रकाना लिहिता येतो, तो वापरकर्त्याला नंतर सहसा स्वतःही बदलता येतो. ‘कस्टम:भूमिका’ मध्ये ‘प्रशासक’ साठवून त्यावर विसंबणे म्हणजे इतर अधिकारातली नोंद खातेदाराच्याच हाती देणे. तालुका किंवा बचत गट तिथे ठेवायला हरकत नाही. अधिकार ठेवू नयेत.

रकान्याचे मूळ नाव वीस अक्षरांपर्यंत आणि एका पूलमध्ये असे रकाने जास्तीत जास्त पन्नास, अशी मर्यादा आहे. एकदा जोडलेला रकाना काढता येत नाही, त्याचे नावही बदलता येत नाही. ‘तालुका’ लिहिताना काना चुकला, तर चुकीचा रकाना तसाच राहतो आणि त्याच्या शेजारी नवा काढावा लागतो. पन्नासांतला एक मात्र कायमचा खर्ची पडतो.