रोटेटर कफची फाटणी आणि खांद्याच्या स्नायूंचे कार्य : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
खांदा हा मानवी शरीरातील सर्वाधिक हालचाल करू शकणारा सांधा होय. दंडाच्या हाडाचे गोल डोके खांद्याच्या पात्यावरील उथळ खोबणीत टेकलेले असते. त्यास जागी धरून ठेवण्याचे कार्य सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरीस मायनर व सबस्कॅप्युलॅरिस हे चार स्नायू करतात. त्यांच्या कंडरांनी बनलेल्या आवरणास 'रोटेटर कफ' असे संबोधले जाते. ही कंडरा फाटल्यानंतर उर्वरित स्नायू कसे वागतात, या प्रश्नाकडे पाहण्याची वैद्यकशास्त्राची दृष्टी कशी बदलत गेली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

शवविच्छेदनातील पुरावा :
जे. जी. स्मिथ यांनी १८३४ मध्ये 'लंडन मेडिकल गॅझेट'मध्ये अशा फाटलेल्या कंडरांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचा आधार शवविच्छेदनाचा होता. पुढे बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९०९ मध्ये फाटलेली कंडरा शिवण्याची शस्त्रक्रिया केली, १९११ मध्ये त्याविषयी लेखन केले आणि १९३४ मध्ये खांद्यावरील आपला बृहद्ग्रंथ प्रकाशित केला. दंड व पाते यांच्या एकत्रित हालचालीतील लयीकडेही त्यांनी लक्ष वेधले. तथापि, कोणता स्नायू केव्हा व किती काम करतो, हे केवळ निरीक्षणाने कळणे शक्य नव्हते. शवविच्छेदनात कंडरेतील छिद्र दिसते; परंतु त्या छिद्रासह जगणारा माणूस हात कसा उचलतो, हे दिसत नाही.

विद्युत्-साधनांचा उपयोग :
फ्रेंच वैद्य ड्युशेन यांनी १८६७ च्या आपल्या ग्रंथात विद्युत्प्रवाहाने स्नायूंना उत्तेजित करून त्यांच्या कार्याचा अभ्यास मांडला होता. परंतु या पद्धतीने स्नायू काय करू शकतो एवढेच समजते. प्रत्यक्ष ऐच्छिक हालचालीत तो काय करतो, हे समजत नाही. ही उणीव इलेक्ट्रोमायोग्राफीमुळे बऱ्याच अंशी दूर झाली. कॅलिफोर्नियातील इनमन, सॉन्डर्स व अ‍ॅबट यांनी १९४४ मध्ये जिवंत व्यक्तींच्या स्नायूंतील विद्युत्-क्रियेची नोंद घेतली. डेल्टॉइड दंडाचे हाड वर खेचतो, तर कफचे खालचे स्नायू त्याचे डोके खाली दाबून धरतात; या दोन बलांच्या जोडीमुळेच हात वर जातो, असे त्यांनी प्रतिपादन केले.

डच संशोधक व्हान लिंगे व मुल्डर यांनी १९६३ मध्ये निरोगी व्यक्तींचा सुप्रास्पायनेटस मज्जातंतू बधिर करून तात्पुरता निकामी केला. तरीही त्या व्यक्तींना हात उचलता आला. केवळ शक्ती व टिकाव कमी झाला. हात उचलण्यास सुरुवात हाच स्नायू करतो, या रूढ समजुतीस त्यामुळे धक्का बसला.

फाटणी, वेदना व भरपाई :
१९९५ मध्ये शेर व सहकाऱ्यांनी खांद्याची कोणतीही तक्रार नसलेल्या ९६ व्यक्तींची एमआरआय तपासणी केली. त्यांपैकी ३४ टक्के व्यक्तींमध्ये, आणि साठ वर्षांवरील गटात ५४ टक्के व्यक्तींमध्ये, फाटणी आढळली. म्हणजेच फाटणी व अपंगत्व या एकच गोष्टी नव्हेत. मग फरक कशामुळे पडतो? २००५ मध्ये केली व सहकाऱ्यांनी त्रास असलेल्या व नसलेल्या रुग्णांच्या स्नायूंची तुलना केली. त्रास नसलेल्यांमध्ये शाबूत सबस्कॅप्युलॅरिस अधिक क्रियाशील होता. त्रास असलेले मात्र फाटलेल्या कंडरेच्या स्नायूंवरच भार टाकत राहिले. नेदरलँड्समधील लायडेन येथील २००६ च्या अभ्यासात आणखी एक बाब पुढे आली. मोठी फाटणी असलेल्या रुग्णांमध्ये हात उचलताना, हात खाली ओढणारे स्नायूही क्रियाशील होत होते. निसटू पाहणारे हाडाचे डोके सावरण्याचा हा प्रयत्न असावा. पण त्याची किंमत हात उचलण्याच्या शक्तीने मोजावी लागते.

शल्यचिकित्सेतही हाच विचार दिसतो. फ्रान्सचे पॉल ग्रामाँ यांनी १९८५ मध्ये विकसित केलेल्या उलट्या रचनेच्या कृत्रिम सांध्यात कफ नसतानाही डेल्टॉइडला हात उचलता यावा, अशी योजना आहे.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे स्पष्ट होते की, 'काय फाटले आहे?' या प्रश्नापासून सुरू झालेला हा प्रवास 'काय शिल्लक आहे आणि ते कसे काम करते?' या प्रश्नापर्यंत आला आहे. केवळ प्रतिमेतील छिद्रावरून रुग्णाच्या हाताचे भवितव्य ठरविणे म्हणजे शवविच्छेदनाच्या युगातील दृष्टीकडे परत जाणे होय. उतारवयात श्रम करून जगणाऱ्या माणसासाठी हा भेद केवळ सैद्धांतिक नाही. शस्त्रक्रिया करावी की व्यायामाने शाबूत स्नायूंना बळ द्यावे, हा निर्णय त्यावरच अवलंबून असतो.