कायम-मुकाम

आमच्या बडनेऱ्यात चहाच्या टपरीवर चार नोकरदार बसले, की एक शब्द हमखास कानावर येतो : चार्ज. "बीडीओचा चार्ज सध्या कोनाकडं आहे?" "विस्तार अधिकाऱ्याकडं." "अन् विस्तार अधिकाऱ्याचा?" "तोबी त्याच्याकडंच, बाप्पा!" खालच्या माणसानं वरच्या खुर्चीचं काम तात्पुरतं पाहायचं, ही रीत आपल्याला अलीकडची वाटते. तिची मुळं मात्र बरीच खोल आहेत.

मराठेशाहीत मुतालिक असे. मूळ पदाधिकाऱ्याच्या नावानं आणि त्याच्याच शिक्क्यानं तो कारभार पाही. साताऱ्याच्या प्रतिनिधींचा मुतालिक यमाजी शिवदेव तर इतका वरचढ झाला, की १७५० साली सदाशिवरावभाऊंना सांगोल्यावर चालून जावं लागलं. म्हणजे प्रभारी माणूस दरवेळी बिचाराच असतो, असं नाही!

दुसरा शब्द आमच्या घरातला. उर्दूत हंगामी अधिकाऱ्याला 'कायम-मुकाम' म्हणतात. दुसऱ्याच्या जागी उभा राहिलेला, असा त्याचा अर्थ. मराठी कानाला 'कायम' म्हणजे पर्मनंट. एकच शब्द, पण एका भाषेत तो नोकरी पक्की करतो आणि दुसऱ्या भाषेत तात्पुरती. मला कवी म्हणून या शब्दाची नेहमी गंमत वाटत आली आहे.

१८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला आणि हळूहळू इंग्रजी दप्तर आलं. त्या दप्तराला शिक्क्यापेक्षा नियमाचा सोस. १ जानेवारी १९२२ पासून सरकारी नोकरांसाठी 'मूलभूत नियम' लागू झाले. त्यातला एकोणपन्नासावा नियम दोन पदं सांभाळणाऱ्या माणसाचा. त्याची मेख एवढीच : वरच्या पदाचा पूर्ण कार्यभार रीतसर सोपवला असेल, तर जादा वेतन, नुसतं रोजचं चालू काम बघायला सांगितलं असेल, तर काही नाही, मग ते कितीही दिवस बघा. सगळं आदेशातल्या एका शब्दावर अडलेलं.

आपल्याकडे वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. १९८१ साली राज्याचे स्वतःचे नागरी सेवा नियम आले. माणसं निवृत्त होत गेली, ज्येष्ठता याद्यांवर हरकती आल्या, भरती थांबली, बिंदुनामावली अडकली. खुर्ची तर रिकामी ठेवता येत नाही. मग एका ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावं आणि एका लिपिकाकडे दोन टेबलं.

माझे अब्बा एका लहान नगरपालिकेत वरिष्ठ लिपिक होते. १९७९ पासून सात वर्षं अधीक्षकाचं काम त्यांनीच केलं. लोक त्यांना 'सुपरिंडंट साहेब' म्हणत, ईदला शिरखुर्मा प्यायला येत आणि जाताना एखादा अर्जही पुढे करत. अम्मी चिडायची, "साहेब आहात तर पगार का साहेबाचा येत नाही?" अब्बा हसून म्हणायचे, "कायम-मुकाम हूँ, बेगम." १९८६ साली ते निवृत्त झाले, तेव्हा पेन्शन वरिष्ठ लिपिकाच्या पगारावर बसली. मी बीए होऊन कागद वाचायला शिकलो, तेव्हा त्यांचा आदेश काढून पाहिला. त्यात शब्द होते, 'चालू कामकाज पाहावे'.

असे वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले आहेत. गोव्याचा एक सरकारी कर्मचारी खजिनदाराचं काम करत होता. खालच्या पदावरच्या माणसाला वरच्या पदाची कामं सांगणं म्हणजे बढती नव्हे, असं न्यायालयानं त्याच्या प्रकरणात सांगितलं. निकालपत्रांच्या १९९१च्या खंडात ते छापलेलं आहे. कायद्याच्या दृष्टीनं ते बरोबरच असेल, कारण नाही तर ज्येष्ठतेच्या रांगेतल्या बाकीच्यांवर अन्याय होईल.

पण बढती नाही, म्हणून दामही नाही? १९९८ साली अंदमानातल्या एका प्राथमिक शिक्षकाचं प्रकरण त्याच न्यायालयापुढे आलं. त्याच्याकडे स्काउट सचिवाचं काम सोपवलेलं होतं. न्यायालय म्हणालं, रीतसर बढती नसली, तरी जेवढा काळ त्यानं ते काम केलं तेवढ्या काळाचा वेतनातला फरक द्या. ही बातमी मी अब्बांना वाचून दाखवली. निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती. त्यांनी एवढंच विचारलं, "त्याच्या आदेशात शब्द काय होते?"