पिलू मोदी : वास्तुशिल्पज्ञ आणि संसदपटू

नवघरच्या रस्त्याने चालणाऱ्यास आज दोन्ही अंगांना इमारतीच दिसतात. जुनी मंडळी भातखाचरांच्या आणि मिठागरांच्या गोष्टी सांगतात, आणि ऐकणारी मुले पाचव्या मजल्यावरून खाली पाहत त्या ऐकतात. या प्रत्येक इमारतीचा आधी कोणी तरी नकाशा काढला, आणि कोणी तरी त्यावर मंजुरीची सही केली. नकाशा काढणारा तो वास्तुशिल्पज्ञ, आणि मंजुरी ज्याच्या सत्तेतून येते तो राजकारणी. कचेरीच्या खिडकीपाशी या दोघांची गाठ रोज पडते; पण दोघे एकाच अंगरख्यात वावरताहेत असे क्वचित घडते. अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष जेफर्सन यांनी माँटिसेलो येथील आपल्या घराचा आराखडा स्वतः केला होता. पेरू देशाचे बेलाऊंदे हे शिक्षणाने वास्तुशिल्पज्ञ. १९६३ साली ते राष्ट्राध्यक्ष झाले, १९६८ साली सैन्याने त्यांना हुसकून लावले आणि १९८० साली लोकांनी पुन्हा निवडून दिले. आपल्याकडे असे नाव शोधू गेल्यास प्रथम आठवतात ते मुंबईचे पिलू मोदी. त्यांच्यासंबंधी आज चार शब्द सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

पिलू होमी मोदी यांचा जन्म १४ नोव्हेंबर १९२६ चा. पंडित नेहरूंचाही जन्मदिवस हाच; ज्यांच्या अर्थनीतीशी पुढे जन्मभर वाद घालावयाचा त्यांचीच तारीख वाट्यास यावी, ही दैवाची थट्टाच म्हणावयाची! वडील सर होमी मोदी मुंबईच्या सार्वजनिक जीवनातील बडे प्रस्थ होते. १९२३-२४ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष होते. फिरोजशहा मेहतांचे चरित्र त्यांनी लिहिले. पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. फेब्रुवारी १९४३ मध्ये पुण्याच्या आगाखान राजवाड्यात गांधीजींचे एकवीस दिवसांचे उपोषण सुरू झाले, तेव्हा ज्या तिघांनी त्या मंडळाचे राजीनामे दिले, त्यांत आपले लोकनायक बापूजी अणे होते, नलिनीरंजन सरकार होते आणि होमी मोदीही होते. पिलू तेव्हा सोळा वर्षांचे होते. सरकारातून उठून बाहेर येता येते, हे त्यांनी घरातच पाहिले. थोरले बंधू रुसी मोदी जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याकडे वळले व टाटा स्टीलचे प्रमुख झाले.

पिलूंनी मात्र वास्तुशिल्प निवडले. त्यासाठी ते अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत गेले. तेथे त्यांचा एक जुना मुंबईकर सवंगडी पुन्हा भेटला : झुल्फिकार अली भुट्टो. दोघांची ओळख मुंबईतील शाळकरी वयापासूनची. मध्यंतरी देशाची फाळणी होऊन गेली होती. मैत्रीची झाली नाही. १९७२ साली सिमल्यास इंदिरा गांधी आणि भुट्टो वाटाघाटींस बसले, तेव्हा पिलू मोदीही आपल्या मित्रास भेटावयास तेथे हजर झाले आणि पुढच्या वर्षी 'झुल्फी माय फ्रेंड' हे इंग्रजी पुस्तक त्यांनी लिहिले. बांगलादेशाच्या युद्धानंतर वर्षभरात पाकिस्तानच्या अध्यक्षास उघडपणे मित्र म्हणणे भारतीय खासदाराला सोपे नव्हते. त्या पुस्तकातील मतांशी कोणी सहमत असो वा नसो, त्या धैर्याची नोंद घ्यावीच लागेल. १९७९ साली भुट्टो फासावर गेले.

परदेशातून परतल्यावर मोदींनी मुंबईत व्यवसाय मांडला. त्यांच्या पत्नी लव्हिना कोल्गन या अमेरिकन. दिल्लीतील ओबेरॉय इंटरकॉन्टिनेन्टल हे हॉटेल दुर्गा बाजपेयी आणि पिलू मोदी यांच्या आराखड्यावरून उभे राहिले व १९६५ साली सुरू झाले. हुमायूनच्या कबरीपासून जवळ, गोल्फच्या मैदानाला लागून ही इमारत आहे. एका बाजूस मोगलांचा घुमट आणि दुसरीकडे काँक्रीटची सरळ उभी रेषा, हा विरोध तेथे गेल्यावर डोळ्यांत भरतो. असे काम हातून झाल्यावर मनुष्य साधारणतः पुढच्या हॉटेलाच्या कामास लागतो. मोदी दोन वर्षांत लोकसभेत गेले.

त्याची मुळे १९५९ सालात आहेत. त्या वर्षी जानेवारीत काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला. त्याच्या विरोधात राजाजी, प्रा. रंगा, मिनू मसानी प्रभृतींनी स्वतंत्र पक्ष काढला. त्याचे पहिले मोठे अधिवेशन ऑगस्टमध्ये मुंबईतच भरले, आणि संस्थापक सभासदांत पिलू मोदी होते. परवाने आणि परमिटे यांचे राज्य नको, नियोजन मंडळाच्या हाती साऱ्या देशाचा कारभार नको, हा त्या पक्षाचा आग्रह होता.

येथे आम्हांला एक कोडे पडते. ज्याचा धंदाच नकाशे काढण्याचा, त्याने नियोजनाला विरोध करावा हे कसे? आमच्या मते उत्तर त्या धंद्यातच आहे. घराच्या नकाशात भिंत सरकविली तर वीट तक्रार करीत नाही, आणि घरमालकास नकाशा पसंत नसेल तर तो कागद फाडून दुसरा वास्तुशिल्पज्ञ गाठू शकतो. देशाच्या नकाशात भिंतीच्या जागी माणसे असतात, आणि दुसरा नकाशा मागावयास जाण्याची सोय त्यांना फार थोडी असते. नकाशाचे सामर्थ्य ज्याने हाताळले त्यालाच त्याची भीती अधिक वाटावी, यात आम्हांला विसंगती दिसत नाही.

याची साक्ष पाहावयास आपल्याला खाडीपलीकडे जाणे पुरे. १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता या तिघांनी मुंबईसमोर नवे शहर वसविण्याची कल्पना मांडली. १९७० साली त्यासाठी सिडको स्थापन झाली. हे तिघेही विद्वान आणि सद्भावनेचे. परंतु त्या नकाशाखाली पंचाण्णव गावांची जमीन गेली, आणि जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबाराने पाच माणसे मरण पावली. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली ती त्यानंतर. नगररचना वाईट, असे आम्ही म्हणत नाही. नवघरच्या गल्ल्यांतून चालणाऱ्यास नियोजनाचा अभावही पुरेपूर ठाऊक आहे.

आणि इथेच मोदींच्या पक्षाची उणी बाजू सांगितली पाहिजे. स्वतंत्र पक्षात संस्थानिक होते, कारखानदार होते. ज्याच्यापाशी नकाशा काढून घेण्याजोगे काहीच नाही, त्याला या पक्षाकडून काय मिळणार, हे त्यांना नीट सांगता आले नाही. महाराष्ट्रात तर त्यांचे बीज रुजलेच नाही. पक्ष जन्मला तेव्हा येथे संयुक्त महाराष्ट्राचा डोंब उसळला होता. शिवाय आमचा शेतकरी सहकार या शब्दाला भीत नव्हता. प्रवरानगरास विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा करून दाखविला होता. तेच गाडगीळ १९६७ साली नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले, आणि त्याच वर्षी त्या मंडळाचे टीकाकार पिलू मोदी गुजरातेतील गोध्रा येथून लोकसभेवर निवडून आले!

त्या निवडणुकीत स्वतंत्र पक्षास ४४ जागा मिळाल्या. १९७१ च्या लाटेत त्या ८ वर आल्या, मसानीही पडले. मोदी मात्र गोध्रा राखून परत आले. बँकांचे राष्ट्रीयीकरण, तनख्यांचा प्रश्न, या सर्व वादांत ते उभे राहिले, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो त्यांचा विनोद. देह स्थूल, आवाज खणखणीत, आणि थट्टेत स्वतःलाही न वगळण्याची रीत. प्रत्येक विरोधकामागे अमेरिकन हेरखाते असल्याचा आरोप त्या काळी सर्रास होई. तेव्हा 'मी सी. आय. ए. चा हेर आहे' अशी पाटी गळ्यात अडकवून मोदी संसदेत आले. आरोपाला हे उत्तर शंभर खुलाशांहून भारी पडले.

१९७४ साली त्यांनी आपल्या पक्षापुरता सर्वांत अवघड निर्णय घेतला. राजाजी १९७२ च्या डिसेंबरात वारले होते. मोदींनी पक्ष चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विलीन केला. मसानींना हे रुचले नाही. विरोधकांची एकजूट झाल्याखेरीज सत्तेस आवर नाही, हा मोदींचा हिशेब. आपले घर मोडून दुसऱ्याच्या वाड्यात खोली कशाला घ्यावयाची, हा मसानींचा सवाल. आम्हांला मसानींचा सवाल अधिक पटतो, कारण मोडलेले ते घर पुन्हा उभे राहिले नाही. १९९४ साली शरद जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला, त्यात राजाजींचा वारसा होता. पण ती इमारत निराळी, पायाही शेतकऱ्यांच्या आंदोलनाचा. तरी मोदींच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे, की वर्षभरातच त्यांच्या हिशेबाची प्रचीती आली. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली, मोदींना मिसाखाली पकडले आणि रोहतकच्या तुरुंगात ठेवले. जनसंघाचे, समाजवादी, जुने काँग्रेसवाले असे नाना मतांचे पुढारी तेथे एका छपराखाली आले. बाहेर ज्यांचे जमत नव्हते त्यांना सरकारनेच शेजारी करून दिले, आणि १९७७ च्या जनता पक्षाची जडणघडण अशा तुरुंगांतून सुरू झाली.

जनता पक्षाच्या राज्यात मोदी मंत्री झाले नाहीत. १९७८ साली ते गुजरातेतून राज्यसभेवर गेले, आणि मुदत संपण्यास वर्षाहून अधिक काळ असतानाच, २९ जानेवारी १९८३ रोजी, छप्पन्नाव्या वर्षी वारले. दिल्लीतील ते हॉटेल २०१६ साली दुरुस्तीसाठी बंद झाले, आतून जवळजवळ नवे केले गेले आणि २०१८ च्या आरंभी पुन्हा उघडले.