युद्धकाळचे प्रचारपट आणि कामकरी स्त्री

राज्यकर्त्यांच्या मनाचा ठाव त्यांच्या हुकुमांवरून लागतो त्याहून अधिक त्यांच्या आर्जवांवरून लागतो, असें आम्हांस वाटतें. हुकूम सोडणारास कारणें सांगावीं लागत नाहींत; आर्जव करणारास मात्र समोरच्या माणसाविषयींची आपली समजूत उघड करावीच लागते. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंड व अमेरिका या देशांत स्त्रियांना कारखान्यांकडे वळविण्यासाठीं जे चित्रपट निघाले, ते या दृष्टीनें आज पुन्हा पाहण्याजोगे आहेत.

इंग्लंडांत केवळ आर्जवावर भागलें नाहीं. डिसेंबर १९४१ मध्यें तेथें कायदा झाला आणि वीस ते तीस वर्षें वयाच्या अविवाहित स्त्रियांवर राष्ट्रसेवेची सक्ती आली. परंतु सक्तीनें माणूस कारखान्याच्या दारापर्यंत जातो. आंत गेल्यावर त्याचें मन तेथें रमावें कसें, हा प्रश्न उरतोच. तो सोडविण्याचें काम बऱ्याच अंशीं चित्रपटांकडे आलें. १९४२ सालच्या ‘जेन ब्राउन चेंजेस हर जॉब’ या लघुपटांतील तरुणी कचेरींतील नोकरी सोडून विमानांच्या कारखान्यांत जाते. त्याच वर्षींच्या ‘नाइट शिफ्ट’मध्यें दक्षिण वेल्समधील एका तोफांच्या कारखान्यांत स्त्रियांची रात्रपाळी कशी चालते तें दिसतें. या चित्रपटांना निव्वळ थापा म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांतील यंत्रें खरीं आहेत, आणि तीं चालविणारे हातही खरे आहेत.

या सर्वांत अधिक प्रामाणिक कृति म्हणजे फ्रँक लॉन्डर व सिडनी गिलियट यांचा १९४३ मधील ‘मिलियन्स लाइक अस’ हा बोलपट. त्याची नायिका सेलिया हवाई दलाच्या गणवेषाचीं स्वप्नें पाहत असते आणि तिच्या वाट्यास येतो विमानांचे सुटे भाग करणारा कारखाना. ती तेथें रुळते, एका तरुण सैनिकाशीं विवाह करते, आणि थोड्याच दिवसांत विधवा होते. तिच्याबरोबर काम करणाऱ्या जेनिफर नांवाच्या श्रीमंत घरच्या मुलीचें मन कारखान्यांतील मुकादमावर जडतें. परंतु हा मुकादम लग्नाची गोष्ट पुढें ढकलतो. आज आपण सारीं एकत्र आहों, पण युद्ध संपल्यावर हें असेंच राहील काय, तें आधीं कळूं दे, असें त्याचें म्हणणें. प्रचारासाठीं निघालेल्या बोलपटांत असा रोखठोक प्रश्न यावा, हें त्याच्या कर्त्यांना भूषणावह आहे. मात्र वर्गभेदाविषयीं विचारलेला हा प्रश्न स्त्रियांच्या कामाविषयीं तितक्याच स्पष्टपणें विचारलेला नाहीं.

अमेरिकेंत स्त्रियांवर अशी सक्ती नव्हती. सारी भिस्त मन वळविण्यावर होती. त्यामुळें तेथील आर्जवांत गोडवाही अधिक. ‘ग्लॅमर गर्ल्स ऑफ १९४३’ या लघुपटांतील निवेदक सांगतो कीं, वेल्डिंग म्हणजे एक प्रकारचें शिवणकामच; आणि स्वयंपाकघरांत फळांचा रस काढण्याचें यंत्र जिला चालवितां येतें, तिला धातूला भोकें पाडण्याचें यंत्र चालविणें मुळींच अवघड नाहीं. ऐकणारीला यांतून धीर येत असेल, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु या उपमेची दुसरी बाजू पाहावी. घरकामासाठीं स्त्रीला वेतन कधींच मिळालेलें नाहीं. तेव्हां कारखान्यांतील काम घरकामासारखेंच आहे असें एकदा ठरलें कीं, त्या कामांतील भीतीबरोबर त्याची किंमतही कमी होते; आणि तें करणारीचें खरें स्थान घरींच, हेंही त्यांत न बोलतां येऊन जातें.

हा आमचा केवळ तर्क नव्हे. इंग्लंडांतील यंत्रकामाच्या धंद्यांत १९४० सालीं करार झाला होता कीं, पुरुषाच्या जागीं आलेली स्त्री अधिक देखरेख वा मदत न घेतां काम करूं लागली, म्हणजे बत्तीस आठवड्यांनंतर तिला पुरुषाइतकें वेतन द्यावें. व्यवहारांत मात्र अनेक कारखानदारांनीं देखरेखीच्या याच अटीवर बोट ठेवून तें देण्याचें टाळलें. अखेर १९४३ मध्यें ग्लासगोजवळच्या हिलिंग्टन येथील रोल्स रॉइस कारखान्यांत वेतनाच्या प्रश्नावरून स्त्रियांनीं संप केला. त्यानंतरच्या तडजोडींत एकेका यंत्राची नोंद करून, तें चालविणारा पुरुष आहे कीं स्त्री हें न पाहतां, त्यावरील कामाचा दर ठरविण्यांत आला. मार्च १९४४ मध्यें शिक्षकांना व शिक्षिकांना समान वेतन देण्याची सूचना कॉमन्स सभेंत ११७ विरुद्ध ११६ मतांनीं संमत झाली. परंतु चर्चिलसाहेबांनीं हा आपल्या मंत्रिमंडळावरील विश्वासाचा प्रश्न केला, आणि सभेला आपला निर्णय फिरवावा लागला. समान वेतनाचा कायदा इंग्लंडांत झाला तो १९७० मध्यें.

युद्ध संपतांच आर्जवाचा सूर बदलला. अमेरिकेच्या मजूर खात्याच्या स्त्री-विभागानें दहा युद्धोत्पादक भागांतील कामकरी स्त्रियांची पाहणी केली, तेव्हां त्यांपैकीं सुमारें पाऊणशे टक्के स्त्रियांनीं युद्धानंतरही काम करीत राहण्याची इच्छा सांगितली होती. पण सैनिक परत येऊं लागले आणि स्त्रियांना कामावरून दूर करण्यांत आलें. मुलें सांभाळण्याच्या केंद्रांना युद्धकाळीं मिळणारी मध्यवर्ती सरकारची मदतही १९४६ मध्यें थांबली.

१९८० सालीं कॉनी फील्ड या दिग्दर्शिकेनें त्या पिढींतील पांच स्त्रियांच्या मुलाखती घेऊन ‘द लाइफ अँड टाइम्स ऑफ रोझी द रिव्हेटर’ हा माहितीपट काढला. तिनें जुन्या प्रचारपटांचे तुकडे व या स्त्रियांचे बोल शेजारीं शेजारीं ठेवले आहेत. पडद्यावरची गृहिणी देशासाठीं प्रथमच उंबरठा ओलांडते. या स्त्रिया मात्र युद्धापूर्वींही पोटासाठीं राबतच होत्या. युद्धानें त्यांना प्रथम मिळालें तें बऱ्या वेतनाचें, कौशल्याचें काम. आणि शांतता येतांच तेंच त्यांच्या हातून गेलें.

हे चित्रपट खोटे होते काय, असें आम्हांस कोणीं विचारलें, तर आम्ही म्हणूं कीं, स्त्रियांना हें काम साधेल असें जें त्यांनीं सांगितलें तें अक्षरशः खरें ठरलें. इतकें खरें कीं, पुढें तें विसरण्यासाठीं राज्यकर्त्यांना आणि कारखानदारांना पुष्कळ खटपट करावी लागली. गरजेच्या वेळीं केलेल्या स्तुतीचा हिशेब गरज सरल्यावर मागावयाचा असतो; आणि तो मागण्यासाठीं जुन्या चित्रपटांइतका चांगला दस्तऐवज दुसरा क्वचितच सांपडेल.