बडनेऱ्यातील वाहतूक व लोकसंख्याबदल

बडनेरा हे महाराष्ट्राच्या अमरावती जिल्ह्यातील एक जुने गाव व सध्या अमरावती शहराचा दक्षिणेकडील भाग आहे. हावडा–नागपूर–मुंबई लोहमार्गावरील जंक्शन म्हणून ते ओळखले जाते. वऱ्हाडातील दळणवळण आणि वस्तीची वाढ यांचा परस्परसंबंध येथे ठळकपणे दिसतो.

लोहमार्ग

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबईहून निघालेला मार्ग 1867 मध्ये नागपूरला पोहोचला. हा मार्ग अमरावतीतून न जाता बडनेऱ्यातून गेला. अमरावती ही त्या काळी वऱ्हाडातील कापसाची मोठी बाजारपेठ होती. त्यामुळे बडनेऱ्यापासून अमरावतीपर्यंत सुमारे 10 किमीचा फाटा टाकावा लागला व तो 1871 मध्ये सुरू झाला.

या आखणीचा परिणाम आजही टिकून आहे. अमरावती स्थानक हे फाट्याचे शेवटचे स्थानक असल्याने काही गाड्या तेथून सुटत असल्या, तरी मुख्य मार्गावरील बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या केवळ बडनेऱ्यास थांबतात. अमरावतीच्या प्रवाशाला उरलेले अंतर शटल गाडी, शहर बस, ऑटोरिक्षा किंवा स्वतःच्या वाहनाने कापावे लागते. अवेळी येणाऱ्या गाड्यांच्या प्रवाशांचा भर साहजिकच रस्त्यावर असतो. पर्यावरणपूरक वाहतुकीच्या दृष्टीने शेकडो किलोमीटरच्या रेल्वेप्रवासापेक्षा हा शेवटचा छोटा टप्पाच अधिक अवघड ठरतो.

बडनेरा–नरखेड हा 138 किमीचा मार्ग चांदूर बाजार, मोर्शी व वरूड या संत्रा पिकवणाऱ्या भागातून जातो व नरखेड येथे नागपूर–इटारसी मार्गास मिळतो. त्यावर नवीन अमरावती हे स्थानक आहे.

मुख्य मार्ग विद्युतीकृत असल्याने इंजिनाचा धूर गावात होत नाही. मात्र महाराष्ट्रातील विजेचा मोठा भाग कोळशापासून मिळतो. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथेच 1,350 मेगावॅट क्षमतेचे औष्णिक केंद्र आहे. विजेवरील वाहतूक पूर्णतः प्रदूषणमुक्त मानता येत नाही ती यामुळे.

रस्ते व विमानतळ

राष्ट्रीय महामार्ग 53 (पूर्वीचा 6) या परिसरातून जातो. जून 2022 मध्ये याच महामार्गाच्या अमरावती–अकोला टप्प्यात 75 किमी लांबीचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत सलग टाकण्यात आला व त्याची गिनीज विश्वविक्रमात नोंद झाली. बडनेऱ्याजवळील बेलोरा येथील अमरावती विमानतळावरून एप्रिल 2025 मध्ये मुंबईसाठी प्रवासी विमानसेवा सुरू झाली.

लोकसंख्या

15 ऑगस्ट 1983 रोजी अमरावती महानगरपालिका स्थापन झाली व बडनेरा तिच्यात समाविष्ट झाले. त्यानंतरच्या जनगणनांमध्ये बडनेऱ्याची गणना अमरावती शहरातच होते. त्यामुळे जुन्या नगराच्या आकड्यांशी आजची थेट तुलना करता येत नाही. बडनेरा हे नाव विधानसभा मतदारसंघास मात्र कायम आहे.

अमरावती शहराची लोकसंख्या 2001 मध्ये 5,49,510 होती. 2011 मध्ये ती 6,47,057 झाली. ही वाढ सुमारे 17.8 टक्के आहे. याच दशकात जिल्ह्याची लोकसंख्या 26,07,160 वरून 28,88,445 झाली, म्हणजे केवळ सुमारे 10.8 टक्क्यांनी वाढली. राज्याचा दर सुमारे 16 टक्के होता. जिल्ह्यातील एकूण वाढीचा एक तृतीयांशाहून अधिक वाटा या एका शहराचा होता. जिल्हा राज्यापेक्षा मंद आणि शहर राज्यापेक्षा वेगाने वाढले, यावरून लोकसंख्येचा ओघ खेड्यांकडून शहराकडे असल्याचे सूचित होते. 1983 मध्येच बडनेऱ्यात सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे विद्यार्थ्यांच्या दैनंदिन ये-जा करण्याचीही त्यात भर पडली.