यकृताचे कार्य आणि आपली दिनचर्या

शरीरातील बहुतांश विषारी द्रव्ये यकृत निरुपद्रवी करते. मूत्रपिंडे टाकाऊ द्रव्ये लघवीवाटे बाहेर टाकतात. बैठे काम, गोड पेये, मद्यपान व अपुरी झोप यांमुळे यकृतात चरबी साठू शकते आणि या कार्यात अडथळा येतो. सडपातळ व्यक्तींनीही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के भरली. ही तुलना २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. अशी छुपी चरबी वजनकाट्यावर कळत नाही. वेदनाशामक गोळ्या वारंवार, परस्पर घेतल्यास मूत्रपिंडांनाही अपाय होतो. 'डिटॉक्स' पेयांपेक्षा रोजचे भरभर चालणे व रात्रीची पुरेशी झोप अधिक हितावह ठरते.